एक ढोबळी मिरची

स्टुटगार्ट,
एप्रिलअखेर



आई, तुझा प्रश्न फोनवर अर्धाच राहिला, कारण मध्येच बाबांनी फोन घेतला आणि युरोचा भाव विचारला. म्हणून आता सविस्तर लिहिते. शिवाय तुम्ही दोघं मे महिन्यात येणार, तीन महिने राहणार, आणि आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा कापडी पिशवी झटकून भाजीला निघणार, हे मला पक्कं ठाऊक आहे. त्याआधी इथल्या बाजाराची थोडी कल्पना दिलेली बरी. काळजी मला बाबांची नाही, बाजाराची आहे.

तर पीठ पेरलेल्या ढोबळी मिरचीत मी लाल आणि पिवळी का घालते, असं तू विचारलंस. मी हौसेनं घालत नाही गं, मला घालावी लागते. इथे ढोबळी मिरची तिघींच्या पाकिटात येते: एक लाल, एक पिवळी, एक हिरवी. अगदी अलका टॉकीजच्या चौकातल्या सिग्नलसारखी. फरक एवढाच, की इथला सिग्नल लोक पाळतात. तिघींचं मिळून वजन अर्धा किलो. सुटी मिळतच नाही असं नाही, पण सुटी बहुतेक वेळा लालच असते आणि तिचा किलोचा भाव पाकिटापेक्षा चांगलाच चढा. म्हणजे एक हवी असेल तर दंड भरा, नको असलेल्या दोन घ्याल तर सवलत. हिरवी म्हणजे रंग धरायच्या आत तोडलेली कच्ची मिरची. इकडच्या जिभेला ती कडवट लागते, लाल-पिवळ्या हातोहात जातात. मग हिरवीला खपवायचं कसं? दोघींच्या शेजारी बसवून. हा आपला माझा संशय. दुकानदारानं मला असं काही सांगितलेलं नाही. दुकानदार इथे काहीच सांगत नाही, कारण भाजीपाशी दुकानदार नावाचा माणूसच नसतो.

खरी गंमत हीच आहे. बाबा, तुमचं मंडईतलं निम्मं आयुष्य बोलण्यात गेलं. ‘कालची दिसतेय.’ ‘कालची कशी असेल साहेब, पहाटे उतरलीये.’ ‘मग मान का टाकलीये?’ ‘तुमचा भाव ऐकून.’ एवढं झाल्यावर पावशेर घेवडा, आणि त्यावर चार मिरच्या आणि कोथिंबिरीच्या दोन काड्या. इथे भाजी आणि आपण, मध्ये कोणी नाही. पावशेर द्या म्हणायला समोर एक कान लागतो, तोच नाही. किती घ्यायचं हे पाकीट भरणाऱ्यानं आपल्या आधीच ठरवून टाकलेलं असतं. त्याच्या मनातलं कुटुंब कोणतं ते मला अजून कळलेलं नाही. ढोबळी मिरचीवरून पाहिलं तर ते तिघांचं असावं, बटाट्यांवरून पाहिलं तर पंधरा जणांचं, आणि कोथिंबिरीवरून पाहिलं तर त्या घरात एक ससा एकटाच राहत असावा.

त्यामुळे आमच्याकडे आज भाजी कसली हे मी ठरवत नाही, पाकीट ठरवतं. गाजरं किलोच्या पिशवीत. सोमवारी कोशिंबीर, मंगळवारी मटार-गाजर, बुधवारी पराठे, आणि शुक्रवारी उरलेल्यांचा हलवा, ज्याच्यापायी पुन्हा दूध आणावं लागतं. गाजरानं डोळे सुधारतात असं तू म्हणतेस. तुमचे जावई म्हणतात, आता मला अंधारात फक्त गाजरंच दिसतात. कांदे जाळीत, लिंबं जाळीत, संत्री जाळीत. लिंबांची जाळी पिवळी असते, संत्र्यांची केशरी. फळापेक्षा जाळीच जास्त पिकलेली. बटाट्यांची पिशवी अडीच किलोची, पण तिच्यावर तो बटाटा शिजल्यावर कसा वागणार हे लिहिलेलं असतं: एक न फुटणारा, एक पिठूळ, आणि एक दोन्हींच्या मधला, ज्यांना निर्णय घेता येत नाही त्यांच्यासाठी. रश्शाला पहिला, बटाटेवड्याला दुसरा. ही सोय मात्र मला मनापासून आवडली. मंडईतला बटाटा शिजेपर्यंत आपल्या पोटातलं सांगत नाही.

एकच वस्तू अशी आहे, की जिच्यामागे कोणीतरी स्वयंपाक करणारी बाई उभी होती असं वाटतं. दोन-तीन गाजरं, सेलरीच्या कंदाची फोड, लीकचा दांडा आणि पार्सलीची काडी, असं सगळं एकत्र बांधून एका भांड्याच्या सुपापुरती जुडी मिळते. नेमकी एका वेळची, उरत नाही. मी तिचं सूप न करता सांबार करते. चांगलं होतं.

बाबा, आता तुमच्या कामाची गोष्ट. जवळचा चष्मा खिशात ठेवा. इथल्या कायद्यानं ग्राहकाच्या हाती एक हत्यार दिलंय. वस्तूची किंमत मोठ्या अक्षरांत लिहा, पण तिच्याखाली किलोला किंवा लिटरला किती पडतं तेही लिहिलंच पाहिजे, असा नियम आहे. पूर्वी लहान पाकिटांवर शंभर ग्रॅमचा भाव लिहून भागत असे. २८ मे २०२२पासून तीही पळवाट बंद झाली, आता पाकीट लहान असलं तरी भाव किलोचाच. नियम उत्तम आहे. पण किलोचा भाव किती मोठ्या अक्षरांत लिहायचा याबाबतीत दुकानं फारच संकोची आहेत. मी हल्ली वरची किंमत बघतच नाही, खाली वाकून बारीक अक्षरं वाचते. पंधरा ग्रॅम कोथिंबीर, प्लॅस्टिकच्या डबीत, किंमत १ युरो १९ सेंट. वाटतं, घेऊन टाकू. खाली वाचावं तर किलोला ७९ युरो ३३ सेंट! बाबा, रुपयांत करू नका. ती कोथिंबीर पोह्यांवर भुरभुरवताना हात थरथरतो आणि त्यामुळे ती आणखी पसरते.

स्वस्त माल तर वाचायला आणखी वाकावं लागतं, कारण तो सगळ्यात खालच्या फळीवर असतो. डोळ्यांच्या रेषेत महागाचा, गुडघ्यांच्या रेषेत परवडणारा. पैसे देण्याच्या रांगेपाशी चॉकलेटं मात्र नेमकी आमच्या लेकीच्या डोळ्यांच्या रेषेत. फळं-भाज्या दाराशीच रचलेल्या, म्हणजे आत शिरताच ताजंतवानं वाटावं. दूध बहुधा लांबच्या टोकाला, म्हणजे अर्धा लिटर दुधासाठी आलेल्या माणसानं बिस्किटं, साबण आणि तीन मेणबत्त्या घेऊन बाहेर पडावं. तुमचे जावई दुधाला गेले की मी त्यांना ढकलगाडी नेऊ देत नाही. एका हातात मावेल तेवढंच आणायचं.

आणखी एक ऐका. २००९च्या एप्रिलपर्यंत इथे दूध, साखर, चॉकलेट अशा काही वस्तू ठरावीक मापांच्या पाकिटांतच विकाव्या लागत. मग युरोपीय संघानं ती अट काढली. तेव्हापासून पाकिटं हळूच बारीक होऊ लागली. डबा तोच, चित्र तेच, किंमत तीच, आतला माल मात्र डाएटवर. यावर हॅम्बुर्गच्या ग्राहक केंद्रानं फार छान उपाय काढला. २०१४पासून ते दरवर्षी लोकांची मतं मागवून ‘वर्षातलं सर्वांत फसवं पाकीट’ जाहीर करतात. बाबा, तुम्ही ग्राहक पेठेच्या रांगेत उभे राहून ज्यांना नावं ठेवता, त्यांच्यासाठी असं काही पुण्यात सुरू करायला हरकत नाही. निवृत्तीनंतर काय करायचं म्हणून तुम्ही विचारत होतातच.

कोथिंबिरीचं मात्र पुढे ऐक आई, कारण मला ठाऊक आहे, ७९ युरो वाचल्यावर तू पत्र खाली ठेवलं असशील. डबीतली नको असेल तर इथे ती कुंडीत मिळते. चक्क जिवंत, मातीसकट. पहिल्यांदा आणली तेव्हा आम्ही तिला खिडकीत ठेवलं, पाणी घातलं, लेकीनं नाव ठेवलं. आठवड्याभरात मान टाकली. वरच्या मजल्यावरच्या आजीबाईंनी सांगितलं, अगं, एवढ्याशा कुंडीत शेकड्यानं रोपं दाटीवाटीनं वाढवलेली असतात, ती जगायला नाहीत, कापायला आहेत. वेगवेगळी करून मोठ्या कुंड्यांत लावली तर टिकतात. आता आमच्या बाल्कनीत दोन कुंड्या आहेत आणि तुमचे जावई ऑफिसातून आल्यावर बूट काढायच्या आधी त्यांची विचारपूस करतात. माझी नंतर करतात.

खरा आधार मात्र तुर्की दुकानाचा. तिथे कोथिंबिरीची जुडी मिळते, हातात मावणार नाही एवढी, मुळांना माती लागलेली. पुदिना, भेंडी, लांब वांगी, सगळं सुटं. आणि मुख्य म्हणजे तिथे माणूस आहे! मला आब्ला, म्हणजे ताई म्हणतो. मी पाच भेंड्या जास्त निवडत बसले तरी काही म्हणत नाही. मागच्या आठवड्यात त्यानं आपणहून वर दोन लिंबं टाकली आणि मला उगाच भरून आलं. दोन लिंबांनी एवढं व्हायला नको, पण झालं खरं. भारतीय दुकानातला कढीपत्ता मात्र कधी असतो, कधी नसतो. आपल्याकडून येणाऱ्या कढीपत्त्यावर कीटकनाशकांसाठी युरोपीय संघानं जादा तपासणी लावलेली आहे, त्यामुळे तो विमानातून येतो तोच मुळी परीक्षा देत देत. मिळाला की मी काड्यांवरून काढून फ्रीजरमध्ये ठेवते आणि फोडणीला सोन्याच्या भावानं मोजून सात पानं घालते.

आता काकडी. बाबा, ही जागा तुमची. इथे काकडी, फ्लॉवर, नवलकोल, सॅलडचा गड्डा हे बहुतेक दुकानांत नगावर विकतात. वजन नाही! बारीक काकडी तेवढ्यालाच, दांडगी काकडी तेवढ्यालाच. सभ्य लोक येतात, वरची उचलतात, जातात. आपण दोन्ही हातांत एकेक नवलकोल घेऊन तराजूसारखं उभं राहायचं, जड तो पिशवीत. पाल्यासकट असला तर पाला मोडून टाकू नका, इथले लोक तो तिथेच टाकून जातात आणि मी त्याची डाळ घालून भाजी करते.

आणि काकडी सरळ असते. आपल्या काकडीसारखी कोयरीच्या आकारात वळलेली सापडणार नाही. १९८८मध्ये युरोपातल्या लोकांनी बसून नियम केला, की पहिल्या दर्जाच्या काकडीला दर दहा सेंटिमीटर लांबीमागे दहा मिलिमीटरपेक्षा जास्त बाक नसावा. पट्टी लावून! साऱ्या जगानं चेष्टा केली. शेवटी १ जुलै २००९ला तो नियम रद्द झाला. पण काकडी काही वाकली नाही. कारण सरळ काकड्या खोक्यात नीट मोजून बसतात, व्यापाऱ्याला त्याच हव्यात. नियम गेला, काकडीला लागलेलं वळण राहिलं.

आता त्या वरच्या मजल्यावरच्या आजीबाई. ऐंशी उलटलेल्या, एकट्या राहतात, आणि मी पाहिलेल्या सगळ्या माणसांत थोडं विकत घेण्याची कला त्यांच्याइतकी कोणाला येत नाही. इथल्या श्वाबेन प्रांतातल्या गृहिणी काटकसरीसाठी साऱ्या जर्मनीत प्रसिद्ध आहेत. २००८च्या डिसेंबरमध्ये जगभरच्या बँका गडगडत होत्या, तेव्हा अँगेला मेर्कल याच गावी आपल्या पक्षाच्या अधिवेशनात म्हणाल्या होत्या, की या बँकवाल्यांनी एखाद्या श्वाबेनच्या गृहिणीला विचारायला हवं होतं. मिळकतीपेक्षा जास्त खर्च फार काळ चालत नाही, हे तिनं सांगितलं असतं. बाबा तेच गेली चाळीस वर्षं सांगताहेत, पण त्यांना अधिवेशनाला कोणी बोलावलं नाही. काटकसरीसारखीच इथली शिस्तही. जिन्याची झाडलोट कोणाच्या आठवड्याला, याची पाटी इथे दारावर लटकते, आणि झाडलं नाही तर शेजारी एक शब्द न बोलता नुसते पायरीकडे बघतात. स्टुटगार्टचं मुंबईशी भगिनी-शहराचं नातं आहे, १९६८पासून. कोणाची तरी गफलत झालेली आहे. हे गाव स्वभावानं पुण्याची बहीण आहे.

आजीबाईंची खरेदी म्हणजे एक गाजर, दोन बटाटे, एक कांदा, दोन केळी. केळ्यांच्या फणीतून दोन मोडून घेतलेली इथे चालतात. पैसे देताना पर्स उपडी करून सेंट मोजतात, मागे रांग लागते, आणि त्यांना तिची जराही पर्वा नसते. मी त्यांना विचारलं, सुटं महाग पडत नाही का? त्या म्हणाल्या, फेकून दिलेलं सगळ्यात महाग पडतं. सरकारी आकड्यांनुसार २०२०मध्ये जर्मनीतल्या घरांतून माणशी सुमारे ७८ किलो अन्न कचऱ्यात गेलं. त्यात सालं, देठं, कॉफीचा चोथा हेही धरलेलं आहे. तरी सगळं काही सालं नसणार. एक युरो वाचावा म्हणून घेतलेल्या दुसऱ्या, तिसऱ्या पाकिटाचा त्यात वाटा असणार असं मला वाटतं.

आता आमच्यात एक व्यवहार ठरून गेला आहे. पाकिटातली तिसरी ढोबळी मिरची त्यांची. त्यांच्या कोबीचा अर्धा माझा. इथे विमानतळाच्या बाजूला फिल्डर नावाचं पठार आहे, तिथला टोकदार कोबी इतका नावाजलेला, की त्याच्या नावाला युरोपीय संघाचं संरक्षण आहे, आपल्या हापूसला भौगोलिक मानांकन असतं तसं. शरद ऋतूत तो येतो. गड्डा तीन-चार किलोंचा सहज. एकट्या बाईनं तो घ्यायचा कसा? तर आधी आमचं दार वाजवून विचारायचं, मग घ्यायचा. मी त्यांना कोबीच्या वड्या दिल्या, त्यांनी मला आंबवलेल्या कोबीची बरणी दिली. बरणी अजून फ्रीजमध्ये आहे. तुम्ही आल्यावर बघू.

रविवारचं तर सांगायचं राहिलंच. रविवारी दुकानं बंद. म्हणजे खरोखर बंद, मागच्या दारानंही नाही. रविवार हा विसाव्याचा दिवस, हे १९१९च्या त्यांच्या घटनेत होतं, आणि १९४९च्या घटनेनं ते कलम जसंच्या तसं उचललं. आपल्याकडे रविवारी सकाळी पाहुणे आले की पोराला पिटाळून कोपऱ्यावरून अर्धा डझन अंडी आणि एक लिंबू आणवता येतं. इथे पाहुण्याला शनिवारी संध्याकाळपर्यंत यायचं आहे की नाही ते ठरवावं लागतं. बेकऱ्या थोडा वेळ उघडतात, रेल्वे स्टेशनातली दुकानं असतात, पण लिंबासाठी स्टेशनवर जायचं म्हणजे पाहुण्यांना सोडायलाच गेल्यासारखं होतं. त्यामुळे शनिवारी सगळं गाव दुष्काळ पडणार असल्यासारखं खरेदी करतं. बाबा, शनिवारी दुपारी तुम्ही घरीच बसा.

शनिवारी सकाळी मात्र आपण बाजाराला जाऊ. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार, गावाच्या मध्यावर, टाऊन हॉलच्या समोर आणि जवळच शिलरच्या पुतळ्याच्या चौकात आठवडी बाजार भरतो. भोवतालचे शेतकरी येतात. तिथे माणूस असतो आणि मोजून देतो. शंभर ग्रॅम पालेभाजी द्या म्हटलं तर तोंड वाकडं करत नाही. म्हातारी गिऱ्हाइकं ‘एक पौंड टोमॅटो’ मागतात, म्हणजे अर्धा किलो. ते माप कायद्यानं एकोणिसाव्या शतकातच काढून टाकलेलं आहे, पण आजीबाईंना आणि आपल्या आजीच्या पावशेराला कायद्यानं काय फरक पडतो? भाव दुकानापेक्षा जास्त असतो, हे आधीच सांगते. पण हवं तेवढंच मिळतं, त्यामुळे महिन्याचा हिशेब फारसा बिघडत नाही. मी लिहून ठेवलेलं आहे, बाबांना दाखवीन.

मे महिन्यात या बाजारावर पांढऱ्या शतावरीचं राज्य असतं. अंगठ्याएवढे जाड दांडे, जुड्या बांधलेले, आणि जितके सरळ, जितके जाड, तितके महाग. २४ जूनला हंगाम संपतो म्हणजे संपतोच. पुढच्या वर्षीच्या पिकासाठी झाडाला विसावा हवा म्हणून कापणी थांबवतात. तोवर मंत्र्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळे तेच खातात. आई, शेवग्याच्या शेंगा समजून आमटीत टाकू नकोस. मी टाकून बघितली नाही, पण तू टाकशील हे मला माहीत आहे. आणि मग ती चांगली लागेल.

बाबा, आता तुमच्यासाठी चार नियम, राग मानू नका. आठवडी बाजारात मालाला हात लावायचा नाही, बोट दाखवायचं, तो काढून देतो. टोमॅटो अंगठ्यानं दाबायचा नाही. भेंडीचं टोक मोडून बघायचं नाही, तुर्की दुकानातसुद्धा नाही, निदान माझ्यासमोर नाही. आणि द्राक्षं चाखायची नाहीत. मंडईत तुम्ही पाव घड चाखून ‘आंबट आहेत’ म्हणून पुढे जाता. इथे कायद्याच्या पुस्तकाप्रमाणे ती चोरी आहे. अंड्यांचा खोका मात्र उघडून एकेक अंडं फिरवून बघितलेलं चालतं, सगळेच बघतात. तुमची तपासणीची हौस तिथे भागवा. पैसे देताना तिथली बाई बसलेली असते आणि माल अशा वेगानं सरकवते, की आपण पिशवीचं तोंड उघडेपर्यंत तिचं संपलेलं असतं. तिच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारू नका. भाव कमी करा असं तर मुळीच म्हणू नका. तिला ते कळणार नाही, आणि कळलं तर जास्त वाईट.

केळ्यांचं मघाशी अर्धं सोडलं. लोक फणीतून हवी तेवढी मोडून नेतात, मग मागे एकेकटी केळी उरतात. ती कोणी घेत नाही. चांगली असतात, नुसती एकटी असतात. बाथ विद्यापीठातल्या संशोधकांनी जर्मनीतल्याच एका दुकानात एक प्रयोग केला. एकट्या केळ्यांवर रडवेल्या चेहऱ्याच्या केळ्याची पाटी लावली, आम्ही एकटी आहोत, आम्हालाही कोणीतरी न्या, अशा अर्थाची. आणि केळी खपली! हसऱ्या चेहऱ्याच्या पाटीपेक्षा रडव्या पाटीखालची जास्त खपली. लेकीला ही गोष्ट सांगितल्यापासून आमच्या घरी फणी येत नाही. ती दुकानात जाऊन एकटी राहिलेली केळी गोळा करते आणि वाटेत त्यांची एकमेकांशी ओळख करून देते. थोड्या खरेदीचा एवढा सोपा उपाय मला सुचला नव्हता. दोन हवी तर दोनच येतात, आणि पुण्य वर.

आता सामानाचं. आई, तुझी यादी पोचली. त्यातलं अर्धं खोड. डिसेंबर २०१९पासून युरोपबाहेरून ताजी फळं-भाज्या आणायच्या तर रोपरोगमुक्तीचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, अगदी पिशवीतल्या चार वस्तूंनाही. म्हणजे कढीपत्ता नाही, आंबे नाहीत, कैऱ्या नाहीत, अळूची पानं नाहीत, लिंबं नाहीत. दुधाचे पदार्थही चालत नाहीत, म्हणजे साजूक तुपाची बरणी घरीच ठेव. लोणचं, पापड, कुरडया, भाजणी, गोडा मसाला बिनधास्त आण. मसाला मात्र पावशेरच. मागच्या खेपेला दोन किलो दिलास, अजून पुरतोय.

ताज्या फळं-भाज्यांच्या त्या नियमाला फक्त पाच अपवाद आहेत: अननस, केळी, खजूर, ड्युरियन आणि नारळ. केळी इथे आहेत. अननसही आहे. ड्युरियन बाबा विमानात बसू देणार नाहीत. नारळ मात्र इथला फोडला की बरेचदा कुजका निघतो. तर दोन नारळ आण, पण सोललेले आणि शेंडी ठेवलेले, आणि निघताना बाबांकडून कानाशी हलवून पाणी वाजतंय ना ते तपासून घे. त्यांना तिथे वाटेल तेवढे हाताळू दे.

तुमची,
ताई

ता. क. बाबा, ढकलगाडीला एक युरोचं नाणं लागतं. गाडी परत लावली की नाणं परत मिळतं. विसरू नका.